वाचकांचे प्रश्न : मशीन बंद आहे, पण बंद राहणार आहे का?

दसरा झाला की वऱ्हाडातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, सुरू होतात. मागोमाग पूर्वेकडच्या धान गिरण्या आणि तूर निघाली की दाल मिल. सीझनमध्ये मशीन थांबलं की गेटवर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे दुरुस्ती घाईत होते. या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न दुरुस्तीआधी मशीनची लाईन तोडून तिला कुलूप लावण्याबद्दल आहेत. मोठ्या कारखान्यांत याला ‘लोटो’ म्हणतात, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे २४ डीआर (डबल रोलर) जिन आहेत. पॅनेल रूम जिन हॉलपासून लांब आहे. जिन चोक झाली की ऑपरेटर जिनवरचं लाल बटण दाबतो आणि फिटर रोलर-सुरीत अडकलेला कापूस काढतो. नवीन सुपरवायझर म्हणतात, दर वेळी पॅनेलला कुलूप लावा. २४ जिनच्या मागे हे जमणार कसं? — एक फिटर, हिंगणघाट

उत्तर : सुपरवायझरचं बरोबर आहे, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

लाल बटण मोटरची लाईन तोडत नाही. ते फक्त स्टार्टरच्या कॉइलची लाईन तोडतं. मोटरपर्यंतचे तीन फेज कॉन्टॅक्टरपाशी, म्हणजे कॉइलनं ओढल्या जाणाऱ्या स्विचपाशी, येऊन थांबलेले असतात आणि कॉइलला कुठूनही २३० व्होल्ट मिळाले की कॉन्टॅक्टर ओढला जातो. पलीकडच्या माणसानं आपली जिन समजून तुमचं हिरवं बटण दाबलं तरी ते पुरतं. सरकीच्या मागे आलेल्या उंदरांनी बटणाची वायर कुरतडून दोन तारा टेकवल्या तरी पुरतं. पॅनेल ऑटो सिक्वेन्सवर असेल तर बटण दाबायलाही कुणी लागत नाही. इमर्जन्सी स्टॉपचं मोठं बटणसुद्धा याच कॉइलच्या सर्किटमध्ये असतं. त्याचं काम मशीन थांबवणं, थांबलेलं ठेवणं नव्हे.

काम असं करा. आधी ऑपरेटरला आणि दोन्ही बाजूंच्या जिनवाल्यांना सांगा. मोटर बटणानंच थांबवा. चालत्या लोडवर मेन स्विच ओढू नका, आत ठिणगी पडते आणि पॉइंट जळतात. रोलर आणि हलती सुरी पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. मग पॅनेलमध्ये त्या जिनचा एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) किंवा स्विच-फ्यूज ऑफ करा. हँडल ऑफमध्ये असताना त्यात एक भोक मोकळं होतं, त्यात हॅस्प अडकवा. हॅस्प म्हणजे कात्रीसारखी उघडणारी लोखंडी पट्टी; तिला सहा भोकं असतात आणि एक जरी कुलूप अडकलेलं असलं तरी ती उघडत नाही. तिच्यात आपलं कुलूप लावा, चावी खिशात टाका आणि टॅग बांधा : नाव, जिन नंबर, वेळ, काय काम. हेल्परही हात घालणार असेल तर त्याचं वेगळं कुलूप. एमसीबीला, म्हणजे छोट्या सर्किट ब्रेकरला, भोक नसतं; तिच्या खटक्यावर बसणारी प्लास्टिकची क्लिप मिळते.

आता सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी. परत जिनपाशी या आणि हिरवं बटण दाबून बघा. पॅनेलवर १३ लिहिलेलं असतं, पण मागच्या सीझनला मोटर बदलताना त्याची केबल १४ नंबरच्या जिनवर गेलेली असते आणि नंबरची पट्टी तशीच राहते. कुलूप १४ ला आणि हात १३ मध्ये. हे फक्त बटण दाबूनच कळतं. दाबून झालं की सिलेक्टर किंवा बटण पुन्हा ऑफवर आणा, म्हणजे कुलूप काढताना जिन अचानक सुटणार नाही.

एवढ्यावरही जिन सुरक्षित झाली असं समजू नका. तिच्या आजूबाजूच्या मोटरी मोजा : वरचा फीडर, खालचा सरकीचा स्क्रू कन्व्हेयर, रुईचं सक्शन. जिनची मोटर कुलूपबंद आणि खाली स्क्रू फिरतोय, असं नेहमीच असतं, कारण तो स्क्रू जिनच्या सगळ्या रांगेचा असतो. त्याची जाळी जागेवर बोल्टनं बसलेली असेल तर वरचं काम चालेल. जाळी काढायची असेल तर स्क्रूलाही कुलूप, मग सगळी रांग थांबली तरी चालेल. रोलर सुरीवर दाबून धरणारं वजन किंवा स्प्रिंगही आधी सैल करा. बोटं चिरडायला तेवढा दाब पुरेसा असतो.

२४ जिनला २४ कुलपं लागत नाहीत. कुलूप मशीनचं नसतं, माणसाचं असतं. तीन फिटर, दोन हेल्पर, एक इलेक्ट्रिशियन असतील तर प्रत्येकाला दोन-तीन कुलपं, प्रत्येकाची चावी वेगळी. एकाच चावीनं उघडणारी डझनभर कुलपं बाजारात स्वस्त मिळतात. ती या कामाला घेऊ नका.

राहिला लांबच्या पॅनेलचा प्रश्न. कुलूप लावण्यापेक्षा तिथपर्यंत जाण्याचा कंटाळा येतो, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक जिनपाशी कुलूप लागणारा थ्री-पोल रोटरी आयसोलेटर, म्हणजे तिन्ही फेज तोडणारा फिरता स्विच. ५ एचपीच्या मोटरला फुल लोडला साधारण साडेसात अँपिअर लागतात आणि सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणून मोटर ड्यूटीचा २५ किंवा ३२ अँपिअरचा घ्या. डबा आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आत न शिरणारा, नाहीतर महिनाभरात आत रुईचा थर बसेल. दर ऑफ-सीझनला सहा-आठ जिनला बसवत गेलात तरी चालेल. सुरुवात जास्त चोक होणाऱ्या जिनपासून करा.

जुन्या जिनिंगमध्ये अजून कुठे कुठे जमिनीखालची लाईन शाफ्ट आणि सपाट पट्टे आहेत. तिथे एक जिन थांबवताना पट्टा घट्ट पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवतात आणि शाफ्ट फिरतच राहते. हा पट्टा हळूहळू परत घट्ट पुलीवर चढतो. १९४८ च्या जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये नेमका हाच धोका लिहिलेला होता : पट्टा परत सरकणार नाही अशी अडकण हवी आणि वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकलेला नसावा. चुकून ऑफचा ऑन होऊ शकेल असा स्विच सुरक्षित जागी कुलूपबंद करता आला पाहिजे, हेही त्याच कलमात होतं. अशा जिनमध्ये हात घालायचा तर एकच मार्ग : मुख्य मोटर कुलूपबंद करून शाफ्ट थांबवा, पट्टा पूर्ण उतरवून हुकाला टांगा, मग शाफ्ट पुन्हा सोडा.

प्रश्न : राम राम. मी दाल मिलमधी काम करतो. मालक म्हणते का पाच मिनिटाच्या कामाले कुलूप कायले पाह्यजे, पट्टा चढवाचा हाये, चढवा अन् मोकळे व्हा. आता तुमीच सांगा, पाच मिनिटात का होते? — अकोला तालुका

उत्तर : १४४० आरपीएमची मोटर एका सेकंदात २४ फेरे मारते. भाऊ, मालकाला एवढं सांगून पाहा.

पण पट्ट्याच्या कामात कुलूप अर्धीच राखण करतं. बोटं बहुतेक वेळा हातानं पुली फिरवतानाच जातात. एक जण पट्टा स्क्रूड्रायव्हरनं पुलीच्या कडेवर चढवतो, दुसरा पुली ओढतो आणि पट्टा बोटासकट खाचेत शिरतो. हे होतं कारण मोटर न सैलावता पट्टा जबरदस्तीनं चढवला जातो. असा चढवलेला व्ही-बेल्ट आतल्या दोऱ्या तुटून महिनाभरात परत उतरतो, म्हणजे तेच पाच मिनिटांचं काम पुन्हा.

कुलूप लावा, गार्ड काढा, मोटरचे पायाचे बोल्ट ढिले करून ती रेलवर पुढे सरकवा. पट्टा हातानं, न ओढता खाचेत बसला पाहिजे. तीन-चार पट्ट्यांच्या सेटमध्ये एकच तुटला तरी सगळे बदला; जुने ताणलेले असतात, मग सगळा भार एकट्या नव्यावर येतो. मोटर मागे ओढून ताण द्या. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबल्यावर दर १०० मिलिमीटर अंतराला साधारण दीड मिलिमीटर दबला पाहिजे, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या अंतरावर ९-१० मिलिमीटर. सरळ रेष बघायला पुली फिरवायचीच असेल तर दोन पुलींच्या मधला मोकळा पट्टा उघड्या तळहातानं ढकला, तो मुठीत धरू नका. फिरवणाराही तोच आणि बघणाराही तोच. दुसऱ्याचा हात तिथे नको.

गार्ड बसवल्याशिवाय कुलूप काढू नका. ‘आधी चालवून बघू, मग गार्ड’ म्हटलं की गार्ड भिंतीला टेकून सीझन काढतो.

प्रश्न : धान गिरणीत एलिव्हेटरचा बूट (खालचा, माल भरायचा डबा) चोक झाला. मेन बंद करून कुलूप लावलं होतं, तरी खालून माल काढताना पट्टा उलटा फिरला आणि बकेट मनगटावर आदळली. लाईन नसताना मशीन कसं फिरलं? — तुमसरकडचा वाचक

उत्तर : लाईन नव्हती, पण वजन होतं. समजा एलिव्हेटर ३० फूट उंच, म्हणजे ९ मीटर आहे आणि दर २० सेंटिमीटरला एक बकेट आहे. चढत्या बाजूला ४५ बकेटा भरतात. एकीत किलोभर धान धरलं तरी ४५ किलो एकाच बाजूला लटकलेले आणि उतरती बाजू रिकामी. खाली बुटात तुंबलेला माल पट्ट्याला पाचरीसारखा धरून असतो. तुम्ही पाचर काढली, पट्टा सुटला.

वरच्या शाफ्टला बॅकस्टॉप बसवलेला असेल तर पट्टा एकाच दिशेनं फिरतो. तो आहे का आणि धरतो का, हे रिकाम्या एलिव्हेटरवर, लाईन कुलूपबंद करून, पट्टा हातानं उलटा ओढून तपासता येतं. पण एकट्या बॅकस्टॉपच्या भरवशावर हात घालू नका. मधल्या तपासणी दारातून पट्टा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून सी-क्लॅम्पनं दाबा आणि क्लॅम्प दाराच्या चौकटीला साखळीनं बांधा. बुटातला माल हातानं काढू नका. दांडा लांब असलेल्या पत्र्याच्या फावड्यानं काढा, शेवटचा चिवट थरसुद्धा.

वर हॉपर असेल तर त्याचं शटर लावून त्याला पिन किंवा कुलूप घाला. ओल्या धानाची हॉपरमध्ये कमान धरते. खालून हलवलं की सगळा ढीग एकदम येतो. हॉपर किंवा कोंड्याच्या बिनच्या आत उतरायचं असेल तर कुलूप पुरत नाही. तिथे बाहेर माणूस, अंगाला दोर आणि आतली हवा, या तिन्हींचा बंदोबस्त लागतो. तो विषय पुढच्या अंकात सविस्तर घेऊ. तोवर माल बाहेरूनच पाडा.

प्रश्न : रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसच्या पंपाची मोटर बंद होती, कुलूपही होतं. सील बदलताना वर उचललेली प्लेट हळूहळू खाली सरकत आली. नशिबानं वेळेत दिसली. — प्रेस फिटर, वणी

उत्तर : तुमचं कुलूप पंपाला होतं, प्लेट मात्र तेलावर उभी होती. तेल जुन्या सीलमधून पलीकडे झिरपलं की प्लेट तेवढी खाली येते, आणि तुम्ही तर सीलच सोडत होता. व्हॉल्व्ह बंद आहे म्हणून तेल अडलं, हा समजही सोडा. डायरेक्शन व्हॉल्व्हचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, किंचित गळतोच. तो भार तासन् तास धरून ठेवायला बनवलेला नसतो.

दाबाचा अंदाज यावा म्हणून हिशेब करू. रॅमचा व्यास १० इंच आणि तेलाचा दाब २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरा. रॅमचं क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस सेंटिमीटर येतं आणि जोर सुमारे १०१ टन. दुरुस्तीच्या वेळी एवढा जोर नसतो, नुसतं प्लेट-रॅमचं वजन असतं. पण माणसाला तेही पुष्कळ झालं.

नियम असा ठेवा : जे खाली आणून करता येईल ते प्लेट खाली टेकवूनच करा. वर ठेवायचीच असेल तर दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावा, त्याच प्रेससाठी मापात बनवलेले, दोन्ही टोकांना सपाट प्लेट वेल्ड केलेले. बाभळीचा ओंडका नको; तो तिरपा बसतो आणि तेलानं घसरतो. टेकू लावल्यावर हाताच्या लिव्हरनं तेल टाकीत सोडून प्लेट त्या टेकूंवर खरोखर बसवा. टेकू नुसते उभे ठेवून दोन बोटं जागा सोडली तर प्लेट तेवढी आपटेल. मग पंपाची मोटर कुलूपबंद करा आणि गेज शून्यावर आहे का बघा. गेज चेक व्हॉल्व्हच्या (तेल एकाच दिशेनं सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पंपाकडच्या बाजूला असेल तर शून्य दाखवेल आणि सिलिंडरात दाब तसाच असेल. म्हणून ड्रॉइंगमध्ये नाहीतर पाइपवर हात फिरवत गेज नेमका कुठे बसला आहे ते शोधा. नट एकदम सोडू नका. पाव फेरा ढिला करा, तेल थेंबथेंब येऊन थांबलं की पुढचा पाव फेरा.

सिस्टिममध्ये अॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाचं तेल साठवणारी बाटली, असेल तर मोटर बंद असतानाही त्यातला नायट्रोजन तेल ढकलत राहतो. त्याची तेलाची बाजू ड्रेन व्हॉल्व्हनं रिकामी करा. पेटीचे दरवाजे हवेच्या सिलिंडरवर असतील तर हवेचा कॉकही कुलूपबंद करून उरलेली हवा सोडा. आणि पेटीत अर्धवट दाबलेली गाठ असेल तर ती रुईसुद्धा स्प्रिंगच आहे. दरवाज्याची कडी काढली की दरवाजा अंगावर येतो. आधी दाब सोडा, मग बाजूला उभं राहून कडी काढा.

सुईएवढ्या भोकातून तेलाची धार येत असेल तर ती हातानं शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधा. ही धार कातडीत शिरते, जखम डासाच्या चाव्याएवढी दिसते आणि दुखतही नाही. तरी त्याच तासात दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचं तेल आत गेलं आहे. संध्याकाळपर्यंत वाट पाहण्यात बोट जातं.

प्रश्न : मेन बंद करून टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. वायर धरली तर जोराचा झटका. असं कसं? — यवतमाळ जिल्हा

उत्तर : असं होण्याची निदान पाच कारणं आहेत. पत्रात पॅनेलचं वर्णन नाही, म्हणून सगळीच सांगतो.

टेस्टरपासून सुरुवात करू. निऑन टेस्टर तुमच्या अंगातून करंट जमिनीत गेल्यावर पेटतो. लाकडी स्टुलावर किंवा कोरड्या रबरी चपलेत तो मिणमिणतो, उन्हात दिसत नाही. त्यातला निऑन दिवा गेलेला असेल तर सगळ्याच वायर मेलेल्या दाखवतो. त्याच्या भरवशावर हात घालणं बंद करा.

दुसरं, कॅपॅसिटर. पॉवर फॅक्टरसाठी लावलेल्या कॅपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही चार्ज उरतो. आतले डिस्चार्ज रेझिस्टर तो उतरवतात, पण ते जळलेले असले तर चार्ज तसाच राहतो. बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, मग डीसी व्होल्टेज मोजा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून फटाका काढायची सवय सोडा. रेझिस्टर लावलेल्या दांड्यानं उतरवा.

तिसरं, व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत सुमारे ५८० व्होल्ट डीसी साठलेला असतो. किती मिनिटं थांबायचं ते झाकणावर छापलेलं असतं. तेवढं थांबून मोजा.

चौथं, जनरेटर. लाईन आणि जनरेटर यांच्यात बदल करणारा चेंजओव्हर स्विच थ्री-पोल असेल तर न्यूट्रल दोन्हीकडे जोडलेलाच राहतो. फोर-पोल हवा. आणि लाईन गेली म्हणून जनरेटर आपोआप सुरू होत असेल तर तुमच्या कुलपाच्या यादीत त्याचंही नाव पाहिजे : सिलेक्टर ऑफ, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली.

पाचवं कारण हुशार इलेक्ट्रिशियनलाही फसवतं. इंटरलॉकच्या, म्हणजे एक मशीन दुसऱ्यावर अवलंबून चालवणाऱ्या, वायर शेजारच्या पॅनेलमधून आलेल्या असतात. तुमचा मेन बंद असतो, पण टर्मिनल पट्टीवरच्या दोन-तीन वायरींत शेजारचे २३० व्होल्ट जिवंत असतात. अशा वायरींना नारिंगी किंवा दुसरा ठळक रंग ठेवा आणि पॅनेलच्या दारावर लिहा : ‘मेन बंद केल्यावरही या पट्टीत लाईन राहते.’

तपासणी अशी. दोन २३० व्होल्टचे सारखे बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प किंवा कॅट-थ्री ६०० व्होल्टचा मल्टीमीटर घ्या. एकच बल्ब दोन फेजमध्ये लावला तर फुटतो, म्हणून दोन. आधी दुसऱ्या जिवंत पॉइंटवर लावून तो चालतो हे बघा. मग कामाच्या जागी सहा वेळा : लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल, आणि तिन्ही फेज अर्थला. न्यूट्रल असेल तर तोही अर्थला. शेवटी परत त्या जिवंत पॉइंटवर. मधल्या सहा रीडिंगला बल्ब पेटला नाही आणि दोन्ही टोकांना पेटला, तरच वायर मेलेली आहे. मल्टीमीटरची तार अँपिअरच्या भोकात विसरून फेजमध्ये लावली तर हातात स्फोट होतो, हे दर वेळी आठवा.

प्रश्न : संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरच्या मोटरला ऑटो स्विच आहे. लाईन रात्री कधीही येते, म्हणून काढताही येत नाही. मोटरचं काम असलं की काय करायचं? डीपीवरचे फ्यूज आम्हीच काढतो, चालेल का? — वरूड तालुका

उत्तर : डीपीला, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला, हात लावणं चालणार नाही. तिथे वर ११ केव्ही आहे. एबी स्विचचा (वरची लाईन तोडणाऱ्या उघड्या स्विचचा) दांडा खाली ओढला तरी तीनपैकी एखादं पातं चिकटून राहतं आणि खालून ते नीट दिसत नाही. शिवाय त्याच डीपीवर कुणाचा जनरेटर उलटा लाईन ढकलत असू शकतो. तिथलं काम महावितरणच्या लाईनमनचंच. तोही शटडाऊन घेऊन, शॉर्ट करून, अर्थ लावून करतो. फोनवर ‘बंद केली, चढा’ म्हणणं म्हणजे शटडाऊन नव्हे. लाईनमन भेटत नसेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा.

तुमच्या मोटरसाठी डीपीपर्यंत जायची गरजच नाही. ऑटोला बटणाची वाट नसते. लाईन आली आणि तिन्ही फेज बरोबर असले की काही सेकंदांत मोटर सुरू. म्हणून लाईन नसताना केलेलं काम हे बंद मशीनवरचं काम नसतं. मीटरनंतरचा मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट फ्यूजच्या ग्रिप काढून खिशात, पेटीला कुलूप. स्टार्टरच्या पेटीत कॅपॅसिटर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे थांबून मोजा. एकाच विहिरीवर भावाभावांच्या दोन मोटरी असतील तर दोन्ही पेट्यांना कुलूप. पाण्यात उतरणाऱ्याला दुसऱ्या मोटरची लिकेज लाईनही तेवढीच लागते.

सौर पंपाचं गणित वेगळं आहे. ऊन आहे तोवर पॅनेल लाईन देतच राहतात, त्यांना मेन स्विच नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर ऑफ करून कुलूप, मगच कनेक्टर सोडा. पंप चालू असताना कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही, लांबत जाते. चुंबकाच्या मोटरचा बोअर असेल तर पाइपातलं पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरतो आणि मोटर स्वतःच लाईन तयार करते. पाणी उतरून थांबेपर्यंत वायर सोडू नका.

प्रश्न : फिटर चावी खिशात घेऊन गावी निघून गेला. रात्रपाळीला मशीन हवं होतं, कुलूप तोडलं. चुकलं का? डुप्लिकेट चावी ठेवावी का? — सुपरवायझर, अकोट

उत्तर : डुप्लिकेट ठेवू नका. ती ऑफिसच्या खिळ्याला लटकली की सीझनमध्ये रोज वापरली जाते आणि कुलपाचा अर्थ संपतो.

कुलूप तोडता येतं, पण क्रमानं. आधी त्या माणसाला फोन. तो आवारात नाही हे गेटच्या रजिस्टरवरून आणि सोबत्यांना विचारून पक्कं करा. सरकीच्या ढिगामागे झोपलेला माणूसही आवारातच असतो. मग सुपरवायझर आणि आणखी एक जाणकार, दोघांनी मशीन उघडून बघायचं : हत्यार आत राहिलं का, गार्ड बसला का, काम अर्धवट तर नाही. त्यानंतर कटर. वहीत वेळ, कारण, दोघांच्या सह्या. सकाळी तो माणूस मशीनपाशी पोचायच्या आत त्याला सांगितलं गेलं पाहिजे, नाहीतर तो आपलं कुलूप आहेच असं समजून थेट हात घालेल. ही शेवटची पायरी तुमच्या पत्रात नाही, तेवढं चुकलं.

पाळी बदलताना येणाऱ्यानं आपलं कुलूप आधी लावायचं, मग जाणाऱ्यानं आपलं काढायचं. सीझनला बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार असतील तर टॅगवर मराठीबरोबर हिंदीही लिहा आणि हाताचं चित्र काढा.

प्रश्न : सोयाबीन काढताना मळणी यंत्र अडकलं की ड्रायव्हर सीटवरच बसून असतो आणि आम्ही आत हात घालतो. यात लोटो कसं बसवायचं? — दारव्हा

उत्तर : ड्रायव्हरला खाली उतरवून. पीटीओचा, म्हणजे यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचा, दांडा न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, आणि चावी ज्याचा हात आत जाणार त्याच्या खिशात. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत चावी नुसती स्टार्टरची असते, इंजिन ओढायच्या दांडीनं बंद होतं आणि सेल्फ स्क्रूड्रायव्हर लावूनही मारता येतो. तिथे चावीवर विसंबू नका. पीटीओ शाफ्टची पिन दाबून शाफ्टच ट्रॅक्टरपासून सोडवा, मिनिटाचं काम आहे. ५४० आरपीएमच्या पीटीओवर फिरणारा ड्रम जड असतो, इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहतो. आतला आवाज थांबल्यावर झाकण उघडा आणि ओलं कुटार आकड्यानं ओढून काढा.